कलमाखालची पालवी

६ मार्च

माळीबुवा,

तुझी ज्युनिपरच्या चाळीस कुंड्यांची अनाथ फौज पोहोचली. एकाही झाडाला नावाची पट्टी नाही. घाऊक नर्सरीवाल्याने म्हणे शाईच्या पेनाने नावं लिहिली होती आणि वाटेत ट्रकवर दोनदा पाणी मारलं. झाडं वाचली, नावं वाहून गेली. "हे काम तुझ्या नाकाशिवाय व्हायचं नाही" असं तू लिहिलंस, म्हणून मी विरघळेन असं समजू नकोस. विरघळले, पण समजू नकोस.

तीन दिवस बाकावर बसून जातवार लावली. सुयांसारख्या पानांची आधी बाजूला काढली, ती हाताला आपणहून टोचून ओळख देतात. नऊ निघाली. भिंग लावून सुईच्या बुडाशी दोन पांढरे ठिपके दिसले तेव्हाच त्यांच्या पट्टीवर प्रोकम्बन्स लिहिलं. उरलेल्या, खवल्यांसारख्या पानांच्या एकतिसांनी डोकं उठवलं. किशू आणि इतोइगावा शेजारी ठेवले की शेंबडं पोरही सांगेल, एक निळसर आणि ठसठशीत, दुसरं बारीक आणि पोपटी. पण एकेकटं समोर आलं की दोघंही असा साळसूद चेहरा करतात की विचारू नकोस. किशू चौदा, इतोइगावा अकरा, साधे शिंपाकू पाच. चाळिसाव्याचा पाला चुरगळला आणि घाण वास जाईना म्हणून साबणाने हात धुवावे लागले, म्हणजे तो सबिना. त्याला या पंगतीत कोणी बसवलं ते विचार त्या नर्सरीवाल्याला. पट्ट्या पेन्सिलीने लिहिल्यात. पेन्सिल पाण्याला भीत नाही, हे त्यालाही सांग.

तुझ्या डोंगरातल्या बागेचं कसं चाललंय? मालक अजून "हे झाड कधी मोठं होणार" असंच विचारतो का? तुझ्या तिथल्या कामाचा तिसरा महिना संपेपर्यंत तरी त्याला बोन्साय म्हणजे काय ते कळू दे, नाहीतर तू परत आलास की तो सगळी जमिनीत लावून टाकील.

आणखी एक. मांडवातल्या आपल्या कडेलोट झाडाला फुटवा आलाय. खोडावर, मातीपासून चार बोटं वर, सगळ्यात खालच्या फांदीच्याही खाली. आणि सुयांचा. वर सगळी इतोइगावाची मऊ पालवी आणि बुडाशी हा काटेरी पाहुणा. ज्याच्यासाठी तू कड्यावरून पडता पडता वाचलास ते झाड आता म्हातारपणी थेरं करायला लागलंय. बाय द वे, बोन्साय मंडळाच्या सेक्रेटरीबाई परवा विचारत होत्या की कडा नक्की किती उंच होता, कारण त्यांच्या आठवणीत तो चाळीस फुटांचा होता आणि गेल्या संमेलनात तू शंभर म्हणालास. मी म्हटलं, डोंगर आहे, वाढत असेल.

फुटव्याचं काय करू ते ट्रकच्या ड्रायव्हरकाकांबरोबर कळव. फोन नको. तिथून तुझा आवाज तुटतो आणि मला नुसतं "हॅलो, हॅलो" ऐकू येतं.

तुझी
नाकाड

१३ मार्च

माळीबुवा,

दोन पानी पत्र आलं. बागेच्या मालकाची नक्कल वाचून हसले. फुटव्याबद्दल फक्त एक ओळ: "खुडून टाक, आजच." तिच्याखाली तीन रेघा. एकोणीस वर्षांत तू माझ्या वाढदिवसाच्या तारखेखालीसुद्धा रेघ मारली नाहीस.

पुढे लिहिलंस, झाड दमलं की काटे येतात. येतात ना. रविवारच्या वर्गात नवशिक्यांना हे मीच शिकवते, की ज्युनिपर जास्त छाटला तर घाबरून लहानपणच्या सुया काढतो. पण त्या सुया छाटलेल्या फांदीला येतात, शेंड्यात येतात. बुडाशी, नागड्या खोडातून नाही येत. आणि कडेलोटला मी दोन वर्षांत कात्री लावलेली नाही. ते दमलेलं नाही, मजेत आहे.

मग मी एक सुई तोडून चुरगळली. त्यानंतर बराच वेळ बाकावर बसून राहिले. पाणी घालणाऱ्या बाईंनी विचारलं, चक्कर आली का. मी हो म्हटलं.

बुटांचं पॉलिश आणि कच्चं सफरचंद, असा वास आला. आता तू म्हणशील, झालं हिचं सुरू. पण ऐक. बाबा रोज सकाळी कुंपणापाशी स्टूल टाकून बूट पुसायचे. ऑफिसला निघायच्या आधी, पाठ झाडांना टेकवून. त्यांच्या सदऱ्याला तो वास यायचा आणि मी लहानपणभर समजत होते की तो पॉलिशचा वास. आमचं कुंपण ज्युनिपरचं होतं हे मला तुझ्याशी लग्न केल्यावर, तुझ्या पुस्तकांतली चित्रं बघून कळलं. आम्ही त्याला नुसतं कुंपण म्हणायचो. जात कुठली, कोणाला ठाऊक. परवा आपल्या नर्सरीत पॉलिशची डबी नव्हती. म्हणजे तो वास पॉलिशचा कधी नव्हताच.

हा वेडेपणा आहे, मला कळतंय. तुझ्याशी लग्न करते म्हटल्यावर ज्या माणसाने "झाडं खुंटवून पोट भरणाऱ्याच्या घरी जायचं तर पुन्हा या दारात येऊ नकोस" असं सांगितलं, आणि जो मरेपर्यंत स्वतःही कधी आला नाही, त्याचा वास मला आपल्या मांडवात कशाला यावा? सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. पण नाक काही माझं ऐकत नाही.

तर फुटवा खुडलेला नाही. लाल लोकर बांधून ठेवलीय, चुकून कोणाचा हात लागू नये म्हणून. आणि बुडाशी साचलेलं शेवाळ ब्रशने काढलं. सगळ्यात खालच्या फांदीच्या मुळाशी खोड फुगलंय, भोवती गोल वळ आहे. मग वरच्या फांद्या बघितल्या. सातही फांद्यांना तसाच वळ. साल वर चढून बुजलाय, पण बोटाला कळतो. खोडाला आरपार भोकं पाडून त्यातून इतोइगावाची रोपं ओवलेली आहेत. कडेलोट हे कलम आहे.

मला सांगितलं का नाहीस? कलमात लाज कसली, आपण कलमंच विकतो. रानटी खोडाला चांगली पालवी बसवली म्हणून कोणी तुला फासावर देणार नव्हतं. कड्याची गोष्ट रंगवण्यासाठी लपवलं असशील तर सांगून टाक, मी पोटभर हसेन आणि सेक्रेटरीबाईंना सांगणार नाही.

तुझी
नाकाड

२० मार्च

तुझं पत्र मिळालं. "कड्यावरून आणल्यावर मित्राच्या आवारात तीन वर्षं होतं, त्यानेच कलम केलं असेल, मला कुठे ठाऊक." बरं. ज्याला शेजाऱ्याच्या गच्चीवरच्या जास्वंदीची छाटणी चुकलेली रस्त्यावरून दिसते, त्याला स्वतःच्या झाडाची सात भोकं दिसली नाहीत.

माझी डावी दाढ ठणकत होती म्हणून बुधवारी दातांच्या डॉक्टरकडे गेले. दोन बस बदलून. इतक्या लांब कशाला आलात, म्हणून डॉक्टरीणबाईंनाही नवल वाटलं. ज्यांनी बाबांचं घर विकत घेतलं ते नवरा-बायको दातांचे डॉक्टर आहेत आणि दवाखानाही त्याच घरात आहे, एवढं मला आत्याने कधीतरी सांगितलं होतं. बाबा घर विकून शेवटची वर्षं तिच्याकडेच राहिले. त्या गल्लीत मी एकोणीस वर्षांत पाय टाकला नव्हता.

कुंपण आहे. तीन बाजूंनी तसंच, फक्त माझ्या खांद्याएवढं होतं ते आता डोक्याच्या वर गेलंय. मी जाताना फुटव्याची काडी ओल्या रुमालात घेऊन गेले होते. कुंपणाची एक तोडून दोन्ही शेजारी धरल्या. तीन-तीनच्या जुडीतल्या सुया, सुयांची पाठ तशीच राखी, देठ तसाच तांबूस. मग दोन्ही चुरगळल्या. त्यानंतर भिंगाची गरज नव्हती.

फाटकापासून तिसरं झाड नाही. तिथे सिमेंट घालून सायकली लावायची जागा केलीय.

डॉक्टरीणबाई बोलक्या आहेत. मी काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं की मधलं झाड मेलं का. त्या म्हणाल्या, "नाही हो. आम्ही ताबा घ्यायला आलो त्या दिवशी काका स्वतः उकरत बसले होते. बरोबर एक शेलाटे गृहस्थ होते, ते मुळं ओल्या गोणपाटात बांधत होते. मी म्हटलं, काका, राहू द्या ना, आम्हाला कुंपण आवडलंय. तर म्हणाले, बाकी सगळं तुमचं. हे एक मुलीकडे जातंय. तिला मी काही दिलं नाही."

मी तोंड उघडून त्या खुर्चीत पडले होते म्हणून बरं झालं, डोळ्यांतून पाणी आलेलं त्यांना दुखण्याचं वाटलं.

मग त्या हसून म्हणाल्या, "त्या गृहस्थांचा पाय खड्ड्यात गेला आणि गुडघा चांगला सोलवटला. दवाखाना अजून मांडलेलाही नव्हता, पण पहिली मलमपट्टी मी त्यांचीच केली."

गुडघा. कड्यावरून घसरल्याचा. त्या गुडघ्याला मी आठ दिवस हळद लावून शेकलंय. कडा दोन फुटांचा होता, आणि तो माझ्या बाबांच्या अंगणात होता.

दाढेला काही झालेलं नाही.

मी आत्ताच रडून घेतलंय, त्यामुळे पुढचं नीट लिहिते. चौदा वर्षांपूर्वी तू बाबांना भेटलास. त्यांच्या शेजारी बसून माती उकरलीस. तीन वर्षांनी ते झाड वेगळा वेश चढवून घरी आणलंस आणि मी तुझ्या गळ्यात पडले. बाबा त्यानंतर पाच वर्षं जगले. ते गेल्याचं आत्याने मला पंधरा दिवसांनी कळवलं, आठवतंय? मी सिंकपाशी उभी होते. मी म्हणाले, एकदाही आले नाहीत रे, एवढा कसला राग. आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतास. त्या हाताचा मला आधार वाटला होता. आता तो आठवला की पाठीवर काटा येतो.

तीन प्रश्न आहेत. बाबा किती वेळा आले? काय म्हणाले? तू काय सांगितलंस? एवढंच लिही. बागेच्या मालकाची नक्कल नको.

२७ मार्च

तुमचं नऊ पानी पत्र मिळालं.

हो, तुमचं. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून सासूबाईंचा हट्ट होता की नवऱ्याला अहो-जाहो करावं. त्यांना जे जमलं नाही ते तुमच्या नऊ पानांनी केलं. त्या आज असत्या तर खूश झाल्या असत्या. तू म्हणायला माणूस जवळचा लागतो.

नऊ पानांत तुमची बालपणीची गरिबी आहे, बाबांनी तुमचा केलेला अपमान आहे, माझ्यावरचं प्रेम तर पानापानावर आहे. उत्तरं मला शोधून काढावी लागली. बाबा तीनदा आले. पहिल्यांदा एका मंगळवारी सकाळी, मी बाजारात रोपं घेऊन गेले होते तेव्हा. फाटकाच्या आत आले नाहीत. म्हणाले, घर विकतोय, त्याआधी तिला एकदा भेटायचंय, माझं चुकलं. हे शब्द तुम्ही जसेच्या तसे लिहिलेत त्याबद्दल आभार मानायला हवेत. माझं चुकलं. बाबांच्या तोंडून हे दोन शब्द मी जन्मात ऐकले नव्हते. ते त्यांनी तुमच्याजवळ बोलावेत आणि तुम्ही ते चौदा वर्षं खिशात घालून फिरावं.

तिसऱ्या प्रश्नाला तुम्ही लिहिता, "मी त्यांना सांगितलं, तिची अजून तयारी नाही." हे तुमचं आजचं वाक्य आहे, घासून पुसून लिहिलेलं. तयारी नाही म्हटल्यावर माणूस म्हणतो, बरं, पुढच्या महिन्यात येतो. तो झाड उकरून देत नाही. त्या दिवशी तुम्ही काय बोललात ते मला हवंय.

आणि कारण. भीती, असं लिहिता. कपाटामागची बॅग तुम्ही बघितली होती म्हणे.

बॅगेबद्दल मी कधी बोलले नाही, आज बोलते. होती बॅग. चार कपडे, जुना चष्मा, आईचा फोटो. त्या वर्षी तुम्ही माझ्याशी अठरा अठरा दिवस अबोला धरायचात. कात्री चुकीच्या खिळ्याला टांगली म्हणून, गिऱ्हाइकाशी हसून बोलले म्हणून. झाडांशी बोलायचात आणि मी ऐकायचं. जायला निघाले होते मी, पण जाणार कुठे? आत्याच्या घरी कोणत्या तोंडाने? जायला घर नव्हतं, म्हणून बॅग कपाटामागे राहिली. आणि त्याच महिन्यात माझं घर आपल्या पायांनी चालत फाटकापर्यंत आलं होतं.

तुम्ही विचारता, त्यांना आत घेतलं असतं तर तू गेली नसतीस का? गेले असते, बहुतेक. आठ दिवसांनी परतही आले असते, बहुतेक. कारण मला तुम्ही आवडत होतात, हे लिहिताना आता माझा मलाच राग येतो. पण गेले असते की आले असते, हे ठरवायची पाळी माझी होती. ती तुम्ही खेळून टाकलीत. त्यानंतर तुम्ही सुधारलात, अबोले थांबले, कडेलोट आणलंत, मला वाटलं माझ्या धीराचं फळ मिळालं. गेली अकरा वर्षं मी सुखात होते. ते सुखही आता मला तपासून घ्यावं लागणार, कुठे खरं आहे आणि कुठे ओवलेलं.

त्या दिवशीचं वाक्य पाठवा. एका ओळीत मावेल.

३ एप्रिल

वाक्य मिळालं. पाठोपाठ बाकीचंही लिहिलंत हे चांगलं केलंत, नाहीतर मी अर्धंच समजून बसले असते.

मी धरून चालले होते की चोरी लपवायला तुम्ही झाडाला कलम केलं. माझ्या नाकाला फसवायला. त्या विचारावर मी दोन आठवडे जळत होते. आता कळतंय की कल्पना तुमची नव्हतीच.

तुम्ही ते वाक्य बोललात तरी बाबा लगेच परत फिरले नाहीत. त्यांनी विचारलं, "एक झाड दिलं तर ठेवेल का?" आणि तुम्ही काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, "माझं म्हणून कळलं तर पाणी घालणार नाही. तिचं नाक तिखट आहे. तिला ओळखू येणार नाही असं काही करता येतं का तुमच्या धंद्यात?"

ज्या धंद्याला त्यांनी नावं ठेवली, त्याच्याकडेच त्यांनी हे मागितलं. आणि तुम्ही म्हणालात, येतं.

ही ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. मुलीने आपल्या झाडाला पाणी घालावं म्हणून त्या माणसाने झाडाची ओळख पुसून घेतली. तेव्हा तुमच्याजवळ अजून वेळ होता. खड्डा खणताना होता, गुडघ्याला पट्टी बांधून घेताना होता. "मी खोटं बोललो, ती तसं म्हणालेली नाही," एवढं बोलायला किती वेळ लागतो? तुम्ही त्याऐवजी झाडाला सात भोकं पाडलीत.

नंतरचे दोन मंगळवार. झाड घरी आल्यावर ते दोनदा येऊन मांडवात बघून गेले. मी बाजारात होते. "पाणी घालते?" "रोज." "वैतागत नाही ना?" "नाही, तिचं सगळ्यात लाडकं आहे." मग बरं म्हणाले आणि बस गाठायला गेले. तुम्ही लिहिता, शेवटी ते समाधानात होते, आणि मी फक्त त्यांचं ऐकलं, यात माझं इतकं काय चुकलं. चार दिवस मी या समाधानाबद्दल तुमचे उपकार मानून बघितले. मानता येत नाहीत. लेक झाडावर जीव लावते ती ते आपलं आहे हे तिला माहीत नाही म्हणून, असं समजून ते गेले. ते समाधान नव्हतं. तुम्ही जेवढं ठेवलंत तेवढ्यात त्यांनी भागवलं.

आता कामाचं. चाळीस कुंड्या उद्या ट्रकने परत पाठवतेय, यादी ड्रायव्हरकाकांकडे आहे. सबिना वेगळा बांधलाय, वास इतरांना लागतो म्हणून नव्हे, मला सहन होत नाही म्हणून. ट्रकमध्ये तुमच्या तीन पेट्या असतील. एकीत कात्र्या आणि तारा, दुसरीत कपडे, तिसरीत तुमची पुस्तकं. गरम कोट वरच ठेवलाय, डोंगरात लागेल. तिथलं काम संपलं की मित्राच्या आवारात उतरा. त्याच्याकडे जागा आहे आणि तुमची गुपितं सांभाळायची सवयही आहे. रविवारचा वर्ग मी चालवीन. सेक्रेटरीबाईंना मी कळवलंय की तुम्ही आता तिकडेच राहणार. कारण त्यांनी विचारलं नाही, म्हणजे त्यांना बरंच कळतं.

झाड इथेच राहील. इतोइगावा मी कापणार नाही, त्या सात रोपांनी कोणाचं काय बिघडवलंय. बुडाच्या फुटव्याला जसं वाढायचंय तसं वाढू देणार आहे. दिसायला वाईट दिसेल, प्रदर्शनात कोणी उभं करणार नाही.

ड्रायव्हरकाकांबरोबर उत्तर पाठवू नका. तुम्ही पुढच्या सोमवारी त्यांच्या शेजारी बसून येण्याचा विचार करताय असं ते म्हणाले. तसं करू नका.

त्या दिवशी तुम्ही बाबांना सांगितलंत, "ती म्हणते, मला त्या माणसाचं तोंड बघायचं नाही." चौदा वर्षं हे वाक्य माझ्या नावावर आहे आणि मी ते कधी उच्चारलंही नव्हतं. आज पहिल्यांदा मी ते माझ्या तोंडाने बोलतेय, आणि तुम्हाला बोलतेय. मला तुमचं तोंड बघायचं नाही.